मोक्षपटाचा नवा पाठ : एका विद्यार्थ्याच्या खेळरचनेचें परीक्षण

संशोधकांच्या त्रैमासिकांत पोथी, पत्र, सनद किंवा शिलालेख यांचें परीक्षण यावें असा परिपाठ आहे. आज ज्या कृतीचें परीक्षण योजिलें आहे ती यांपैकीं कांहींच नाहीं. ती संगणकावर खेळावयाच्या एका खेळाची रचना असून, खेळरचनेचें शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती केली आहे. हा विद्यार्थी आमच्या नागपुरांतील लकडगंजांतला, लाकडाच्या वखारींच्या शेजारीं वाढलेला आहे. खेळांतील एकेका टप्प्याची आंखणी कशी करावी, आणि शब्दांवांचून केवळ चित्रांच्या मांडणीनें कथा कशी सांगावी, हे दोन विषय त्यास नेमून दिले होते. त्यांकरितां त्यानें आधार घेतला तो मोक्षपटाचा. म्हणजे ज्यास आज आपण सापशिडी म्हणतों त्या खेळाच्या जुन्या रूपाचा. टिपणांतील संस्कृत नांवें तपासून द्यावीं एवढ्यासाठींच हें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें. परंतु तें पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, येथें प्रश्न ऱ्हस्वदीर्घाचा नसून एका जुन्या कृतीच्या पाठाचा आहे. आणि पाठाचा प्रश्न निघाला म्हणजे तो या त्रैमासिकाच्या वाचकांचाच प्रश्न होतो.

प्रथम मूळ पटाविषयीं. हा खेळ ज्ञानचौपड, ज्ञानबाजी, मोक्षपट, नेपाळांत नागपाश अशा निरनिराळ्या नांवांनीं ओळखला जातो. त्याच्या घरांची संख्याही एक नाहीं. जैन पट बहुधा ८४ घरांचे असतात. वैष्णव पटांत ७२ घरांचा प्रकार विशेष रूढ आहे. सूफी मताचा १०० घरांचा पटही आहे. कै. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहांतील ज्या दोन मराठी मोक्षपटांकडे वा. ल. मंजूळ यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें, त्यांत प्रसिद्ध झालेल्या वर्णनाप्रमाणें ५० घरें असून पहिलें जन्माचें व शेवटचें मोक्षाचें आहे. कंपनी सरकारचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन हा १७८० ते १७८२ या काळांत लखनौस होता. त्याच्या संग्रहांतील ७२ घरांचा पट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनीं १९८५ व २००६ सालीं ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकांत लिहिलेल्या दोन लेखांत असे पुष्कळ पट एकत्र करून त्यांचे वर्ग पाडले आहेत. आमच्या विद्यार्थ्यानें मूळ म्हणून घेतला तो हरीश जोहरी यांनीं ‘लीला’ या नांवाच्या इंग्रजी पुस्तकांत प्रसिद्ध केलेला ७२ घरांचा वैष्णव पट. पुढील विवेचनांतील घरांचे आंकडे या पटाचेच समजावे.

या पटांत नऊ घरांच्या आठ ओळी आहेत. सोंगटी सर्वांत खालच्या ओळींत डावीकडून उजवीकडे जाते, तिच्या वरच्या ओळींत उजवीकडून डावीकडे परतते, आणि नांगरटीच्या बैलाप्रमाणें अशी वळत वळत वर चढते. पहिल्या ओळींत जन्म, माया, क्रोध, लोभ, भूलोक, मोह, मद, मत्सर आणि काम अशीं घरें आहेत. म्हणजे सहाही रिपु एकाच ओळींत असून ओळीच्या बरोबर मधोमध भूलोक बसविला आहे. आतां या पांचव्या घराच्या सरळ वर पाहावें. १४ भुवर्लोक, २३ स्वर्लोक, ३२ महर्लोक, ४१ जनलोक, ५० तपोलोक, ५९ सत्यलोक, आणि माथ्यावर ६८ वैकुंठ. सातही लोक एकावर एक उभे आहेत, प्रत्येकामधील अंतर नऊ घरांचें आहे, आणि त्यांच्या शिरोभागीं गंतव्य स्थान आहे. पुराणांतील लोकरचना रचनाकारानें शब्दांत न सांगतां पटाच्या कण्याच्या जागीं उभी केली आहे.

हें साधलें तें ओळ विषम संख्येची असल्यामुळें. अशा वळत्या चालीच्या पटांत मधला रकानाच काय तो असा असतो कीं, त्यांतील लागोपाठच्या दोन घरांमधील अंतर नेहमीं सारखें राहतें. इतर सर्व रकान्यांत तें आळीपाळीनें कमीजास्त होतें. ओळ समसंख्य केली कीं मधला रकानाच उरत नाहीं. शिवाय या पटांतील दहा शिड्यांपैकीं पांच शिड्या, म्हणजे शुद्धि (१०), दान (२०), परमार्थ (२७), सुधर्म (२८) आणि भक्ति (५४) यांच्या, याच मधल्या रकान्यांतील घरांत जाऊन पोंचतात. उलटपक्षीं दहा सापांपैकीं सात सापांच्या शेंपट्या पहिल्या ओळींत, म्हणजे षड्रिपूंच्या ओळींत, उतरतात. चढण्याची दिशा मध्याकडे आणि पडण्याची दिशा तळाकडे, ही गोष्ट अक्षरओळख नसलेल्या मुलासही नुसत्या डोळ्यांनीं दिसते.

दुसरी गोष्ट शेजाराची. १६ वें घर द्वेषाचें, तर १७ वें दयेचें. २४ वें कुसंगाचें, तर २५ वें सुसंगाचें. २८ वर सुधर्म आणि २९ वर अधर्म; ४४ वर अविद्या आणि ४५ वर सुविद्या; ६० वर सुबुद्धि आणि ६१ वर दुर्बुद्धि. सर्वांत विलक्षण जोडी भक्ति आणि अहंकार यांची आहे. ५४ व्या भक्तीच्या घरांतून शिडी थेट वैकुंठास जाते. पण एकच दान अधिक पडलें तर सोंगटी ५५ व्या अहंकाराच्या घरांत जाते, आणि तेथला साप तिला पहिल्या ओळींत आणून सोडतो. ओळ या ठिकाणीं वळत असल्यामुळें अहंकाराचें घर भक्तीच्या घराच्या बरोबर डोक्यावर येतें. ज्यानें ही आंखणी केली त्यास भक्तिमार्गांतील सर्वांत मोठा धोका कोठें असतो हें पक्कें ठाऊक होतें, आणि तें त्यानें जागेनें सांगितलें.

तिसरी गोष्ट शेवटाची. वैकुंठ ६८ वें आहे, ७२ वें नव्हे. त्याच्या पुढें ब्रह्मलोक, सत्त्वगुण, रजोगुण आणि तमोगुण अशीं चार घरें आहेत. दयेची शिडी सर्व शिड्यांत लांब. ती १७ वरून एकदम ६९ वर, ब्रह्मलोकीं नेते. परंतु तें स्थान वैकुंठाच्या एक घर पलीकडचें आहे. तेथून पुढें जातां जातां तीन गुण ओलांडावे लागतात, आणि तमोगुणाचा साप ५१ व्या घरीं, पृथ्वीवर, परत आणतो. पृथ्वीपासून एका घरावर हिंसा आहे, तिचा साप नरकांत उतरतो. तीन घरांवर भक्ति आहे, तिची शिडी वैकुंठास जाते. स्वर्गीय भोगांतून पुण्यक्षयानंतर परतलेल्या जीवापुढें कोणता निवाडा असतो, तें येथें चार घरांत मांडलें आहे.

संस्कृत काव्याचा अभ्यास केलेल्या वाचकास येथें चित्रबंधाची आठवण होईल. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गांतील सर्वतोभद्र श्लोकांत प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते, एक अक्षर सरकलें तर केवळ वृत्तभंग होत नाहीं, सर्व बंधच मोडतो. मोक्षपटाची जात हीच आहे. त्यांतील घरें ही नामावळी नव्हे. तीं नांवें कोणत्या जागीं आहेत यांतच त्यांचा अर्थ आहे.

आतां विद्यार्थ्याच्या कामाकडे वळूं. त्यानें पटाच्या आठ ओळींचे आठ टप्पे केले आहेत. प्रत्येक टप्पा हें एक स्वतंत्र दृश्य असून, पहिला संधिकाळच्या अंधुक गल्लींत, तर शेवटचा पहांटेच्या उजेडांत आहे. खेळणाराच्या जागीं पाठीवर गांठोडें घेतलेला एक मुलगा आहे. साप लागला कीं गांठोडें वाढतें आणि चाल मंदावते. शिडी मिळाली कीं तें हलकें होतें. घरांवर एकही अक्षर लिहिलेलें नाहीं. लोभाच्या जागीं अरुंद तोंडाच्या मडक्यांत अडकलेला हात, मत्सराच्या जागीं शेजाऱ्याच्या खिडकींतील दिव्याकडे पाहणारा माणूस, अशीं चित्रें योजिलीं आहेत. ही योजना खरोखर चांगली आहे. गांठोड्याची कल्पना तर कर्मविपाकाचा सिद्धांत ज्यास पाठ आहे अशा एखाद्या शास्त्र्यालाही आवडावी.

त्याहून चांगली योजना सापांच्या शेंपट्यांची. मूळ पट जमिनीवर अंथरला कीं वैकुंठापासून नरकापर्यंत सर्व एकाच वेळीं दिसतें. जन्माच्या घरांत सोंगटी ठेवणारास आपलें गंतव्य आणि आपले सर्व धोके दिसत असतात. संगणकाच्या पडद्यावर एका वेळीं एकच टप्पा दिसतो, तेव्हां हा गुण नाहींसा होणारच. विद्यार्थ्यानें ही उणीव ओळखली, आणि पहिल्या गल्लीच्या भिंतीवरून, गटारांतून, झाडाच्या मुळांतून निरनिराळ्या रंगांच्या शेंपट्या आधींच लोंबत्या दाखविल्या. त्यांचीं तोंडें कोठें आहेत हें पुढें चढल्यावर कळतें. तळाशीं पाहिलेली तांबडी शेंपूट अहंकाराची होती, हें सातव्या टप्प्यावर समजतें तेव्हां खेळणारास मागची सर्व वाट आठवते. एका माध्यमांतील गुण दुसऱ्या माध्यमांत कसा न्यावा याचें हें उत्तम उदाहरण आहे.

दोष मात्र मूलगामी आहेत. पहिला असा कीं, दोन भिन्न विकारांना त्यानें एकच चित्र दिलें आहे. क्रोध व द्वेष दोन्ही लाल चेहऱ्याचे. ईर्ष्या व मत्सर दोन्ही खिडकीपाशीं उभे. क्रोध भडकतो आणि विझतो, द्वेष राखेखालीं राहतो. ईर्ष्या म्हणजे असहन, आणि मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या कल्याणाचाच द्वेष, हा भेद अमरकोशकारानेंही केला आहे. पटावर १२ व्या ईर्ष्येचा साप ८ व्या मत्सरावर उतरतो. म्हणजे न सोसण्याची वृत्ति पुढें दुसऱ्याचें वाईट चिंतण्यास लावते, असा त्या सापाचा अर्थ आहे. ज्या सापाचें तोंड व शेंपूट एकाच चित्रावर टेकतात, त्यानें काय सांगावें? चित्रांनीं कथा सांगावयाची तर आधीं शब्दांचे अर्थ नीट लावावे लागतात.

दुसरा दोष ओळीचा. बाजारांतील सापशिडी दहा घरांच्या ओळीची असते म्हणून यानेंही ओळ दहाची केली; ७२ चीं ८० घरें झालीं, आणि भरीस आळस, शिस्त, परिश्रम इत्यादि घरें पदरचीं घातलीं. दहाची ओळ स्वतः निषिद्ध नाहीं. शंभर घरांच्या सूफी पटास त्याचा स्वतःचा न्याय आहे. परंतु ७२ घरांचीं नांवें दहाच्या ओळींत ओतलीं कीं सात लोकांचा स्तंभ कोसळतो. या नव्या पटांत भूलोक डावीकडे, स्वर्लोक उजवीकडे, आणि वैकुंठ कोपऱ्यांत गेलें आहे. पोथी उतरतांना लेखकानें समासांतील टीप मूळ श्लोकांत घुसडावी तसा हा प्रकार झाला. आपल्या परिभाषेंत याला प्रक्षेप म्हणतात.

तिसरा दोष शेजार तोडण्याचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. टिपणांत कारण दिलें आहे कीं, मोठी चढ व मोठी पड लागोपाठ आल्यास खेळणारा कंटाळून खेळ सोडून देतो, सबब अडचणी सम अंतरावर व हळूहळू वाढत्या क्रमानें ठेवल्या. मनोरंजनाच्या खेळास हा नियम योग्यच आहे, आणि शिक्षकांनीं तो शिकविला यांत वावगें कांहीं नाहीं. पण या नियमानें भक्ति आणि अहंकार यांच्यामध्यें सहा घरें आलीं. सुबुद्धि सहाव्या टप्प्यावर व दुर्बुद्धि आठव्यावर गेली. मूळ रचनाकाराचें सर्व म्हणणें त्या शेजारांत होतें. क्षेमेंद्रानें काव्याचें जीवित म्हणून ज्या औचित्याचा विचार केला, त्याचें तत्त्व हेंच कीं, जें जेथें शोभतें तें तेथें असावें. अहंकार भक्तीशेजारींच उचित आहे. त्यास दूर नेऊन सोय होते, पण अर्थ जातो.

चौथा दोष शेवटाचा. नव्या खेळांत वैकुंठ शेवटच्या घरीं नेलें असून तीन गुण अजिबात गाळले आहेत. त्यामुळें दयेची शिडी निरर्थक झाली, आणि पृथ्वीवर परत येण्याचा प्रसंगच उरला नाहीं. फांशाविषयींही असेंच. संगणक एकपासून सहापर्यंतचे आंकडे सारख्याच संभवानें देतो. तेव्हां पृथ्वीवरून हिंसेस जाण्याचा आणि भक्तीस जाण्याचा संभव समान होतो. सहा कवड्या टाकून उताण्या पडतील तेवढें दान मोजलें, आणि कवडी दोन्ही बाजूंनीं सारखीच पडते असें धरलें, तर ६४ प्रकारांपैकीं एकाचें दान ६ प्रकारांनीं व तिनाचें २० प्रकारांनीं येतें. म्हणजे कवड्यांच्या खेळांत पृथ्वीवरचा जीव हिंसेपेक्षां भक्तीकडे तिपटीहून अधिक वेळां जाईल. फांसा कीं कवडी, हा प्रश्नही अर्थाचाच आहे.

या दोषांचा सर्व भार विद्यार्थ्यावर टाकणें न्याय्य होणार नाहीं. पट बदलण्याची परंपरा जुनी आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला तेव्हां त्यावर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप असे तेथील सद्गुण आले; पुढें तेही गळाले आणि नुसते आंकडे राहिले. अमेरिकेंत १९४३ सालीं मिल्टन ब्रॅडली कंपनीनें सापच काढून टाकले व त्यांच्या जागीं घसरगुंड्या आणल्या. आज आपल्या घरांत जी सापशिडी आहे ती बहुशः ही परत आलेली आवृत्ति होय. आमच्या विद्यार्थ्यानें निदान मुळाकडे जाण्याचा यत्न केला. अडचण अशी कीं, मूळ म्हणून त्याच्या हातीं पडलें तें एक इंग्रजी पुस्तक आणि ऐकीव माहिती.

ऐकीव माहितीचा नमुना त्याच्या टिपणाच्या पहिल्याच वाक्यांत आहे : हा खेळ श्रीज्ञानेश्वरांनीं तेराव्या शतकांत निर्माण केला. हें वाक्य आज शाळेच्या पुस्तिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र आढळतें. ज्ञानेश्वरीचें लेखन शके १२१२, म्हणजे १२९० सालीं झालें. महाराजांनीं समाधि घेतली ती शके १२१८, म्हणजे १२९६ सालीं. त्या काळचा एकही पट आज उपलब्ध नाहीं. जे पट पाहावयास मिळतात ते बहुतेक १८ व्या व १९ व्या शतकांतले आहेत. मधल्या चार-पांचशें वर्षांचा पुरावा दाखविल्याशिवाय कर्तृत्वाचा निर्णय करतां येत नाहीं. संतांविषयींचा आदर ही एक गोष्ट, आणि एखादी कृति त्यांच्या नांवावर घालणें ही दुसरी. ‘अशी परंपरा सांगतात’ एवढें लिहिलें असतें तर तें निर्दोष झालें असतें, आणि परंपरेचाही मान राहिला असता.

परंतु हा पुरावा शोधणार कोण, हा प्रश्न शेवटीं आपणाकडेच येतो. पोथी दिसली कीं आपण तिचीं पानें मोजतों, शक व लेखकाचें नांव टिपून घेतों. पट मात्र कापडाचा किंवा कागदाचा, घडी घातलेला, हळदीकुंकवाचे डाग पडलेला असा रुमालाच्या तळाशीं निघतो. तो ग्रंथ नव्हे म्हणून सूचींत येत नाहीं, आणि चित्र म्हणून विकला जातो. विकत घेणारा त्यास चौकट करून भिंतीवर लावतो. नियम सांगणारें शेजारचें टिपण तेवढें रद्दींत जातें. असे पट आपल्या संग्रहांत असतील तर त्यांची नोंद पोथीप्रमाणेंच व्हावी. एकूण घरें किती, एका ओळींत किती, चाल कोणत्या बाजूनें सुरू होते; प्रत्येक सापाचें तोंड व शेंपूट आणि प्रत्येक शिडीचे दोन्ही टोकांचे आंकडे; घरांचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच, अशुद्धांसकट; फांसा कीं कवड्या; कापड कीं कागद; आणि कोणत्या घरांवर बोटांचा मळ अधिक बसला आहे, हेंही. शेवटची नोंद क्षुल्लक वाटेल. परंतु पट केवळ पूजेंत होता कीं खरोखर खेळला जात होता, हें त्या मळावरून कळतें.

प्रस्तुत कामाविषयींचा निष्कर्ष थोडक्यांत असा. अभ्यासक्रमांतील काम म्हणून तें उत्तम वर्गांत बसेल. त्यांतील गांठोडें आणि शेंपट्या या दोन योजना स्वतंत्र बुद्धीच्या आहेत. मोक्षपटाचा पाठ म्हणून मात्र तें तसेंच स्वीकारतां येणार नाहीं. विद्यार्थ्यास सूचना केली आहे ती अशी : ओळ नऊची करावी, पदरचीं घरें काढावीं, तुटलेल्या जोड्या पुन्हां शेजारीं आणाव्या, वैकुंठापुढचीं चार घरें परत घालावीं, आणि क्रोध व द्वेष, ईर्ष्या व मत्सर यांचीं चित्रें वेगवेगळीं काढावीं. खेळ अवघड होईल. खेळणारा भक्तीच्या दारांतून अहंकारांत जाऊन चिडेलही. तें चिडणें मूळ रचनेंत अभिप्रेत होतें. वरील दुरुस्त्या करण्याचें त्यानें मान्य केलें आहे, आणि अहंकाराचें घर भक्तीच्या माथ्यावर आलें तर तो टप्पा नव्यानें रंगवावा लागेल असें तो आपण होऊन म्हणाला.

या दुरुस्तीस एका इंग्रजी पुस्तकाचा आधार पुरेसा नाहीं. ज्या वाचकांच्या संग्रहांत मराठी पट असेल त्यांनीं निदान त्याच्या पहिल्या ओळींतील घरांचीं नांवें व संख्या या त्रैमासिकाकडे लिहून कळवावी. पहिली ओळ हातीं आली म्हणजे पट नवाचा कीं दहाचा, आणि सहा रिपु तळाशींच आहेत कीं विखुरलेले, एवढें तरी ठरवितां येईल.